शेवटाला काय जोडायचं

बाईंचं काम डोकं खाणारं. दुसऱ्यांनी टिपलेलं कापायचं, जोडायचं आणि त्यातून गोष्ट उभी करायची. या खेपेला माहितीपट एका निवृत्त पाणबुड्यावर होता. बंदरात बुडालेल्यांना वर काढण्यात त्याची हयात गेली होती. निळा स्वेटर घालून, खिडकीकडे पाठ करून तो आपल्या घरातल्या खुर्चीत बसे आणि कॅमेऱ्यात बघून सांगे, "माणूस वर आला की आधी त्याचं तोंड पुसायचं. मग बाकीचं." मधेच स्वतःच्याच विनोदावर खो खो हसे. दिवसभर त्याला पडद्यावर बघून बघून बाईंना त्याचा लळा लागला होता.

"सगळं छान जमलंय, पण शेवट कुठेय?" दिग्दर्शक म्हणाला. "आजोबा पाणी प्यायला उठले, तेव्हा कॅमेरा चालूच होता. ती रिकामी खुर्ची टाका शेवटाला. काय समजायचं ते लोक समजतील."

"अहो, ते धडधाकट आहेत!"

"असू देत की. गोष्टीला शेवट लागतो."

बाईंना पटलं नाही, तरी त्यांनी शॉट लावला. पाहिला, आणि अंगावर काटा आला. गोष्ट पुरी झाली होती.

दुपारी आजोबांच्या सुनेचा फोन आला. "बाबा तुमच्याकडे आलेत का हो? आत्ता इथे खुर्चीत होते. दाराला आतून कडी आहे, आणि घरात कुठेच नाहीत."

दुसऱ्या दिवशीही पत्ता नाही. पोलिसांत कळवून झालं, दवाखाने पालथे घालून झाले. बाई पडद्यासमोर बसून होत्या. असं काही नसतं, हे त्यांना कळत होतं. हात मात्र ऐकेना. त्यांनी रिकामी खुर्ची काढून टाकली आणि तिथे आजोबांचं हसणं जोडलं.

फोन वाजला.

"आले, ताई! खुर्चीतच बसलेत!" सुनेला रडू आवरत नव्हतं.

बाई तडक त्यांच्या घरी गेल्या. तोच निळा स्वेटर, तेच खो खो हसणं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"कुठे होतात, आजोबा?"

आजोबा हसले. थांबले. पुन्हा अगदी तसेच हसले.

सून उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत येईना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही जरा त्यांच्या मागे जाऊन बघता?"

बाई खुर्चीला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या.

तिथूनही आजोबांचा चेहराच दिसत होता.