दुसऱ्या हाफमधला चौदा नंबर

रांगेतला तो उंच माणूस एका पायावर उभा होता. उजव्या बुटाचं टोक डाव्या पोटरीमागे घासत, भिंतीवरचे दोन फोटो निरखत… बाहेर मार्चचा अर्धा पाऊस, अर्धा बर्फ चालला होता. त्याच्या टोपीवरून पाणी टपकत होतं आणि मागच्या बायका खोळंबल्या होत्या.

"तुमची चिठ्ठी," मी म्हणाले.

ईस्टरच्या आधी दर शुक्रवारी आमच्या केलर्स फोर्ड गावात अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. यंदा प्रत्येक ताटामागे एक मत होतं. शाळेच्या नव्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला गावच्या सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅकचं नाव द्यायचं होतं, आणि ते गाव ठरवणार होतं. भिंतीवर दोनच फोटो होते. डावीकडे डेनी सोबेक, उजवीकडे रे हुडॅक.

"दोघांपैकी कुणीच नको असेल तर?"

"तर कोबीची कोशिंबीर घ्या आणि पुढे सरका."

तो हसला. "हा उजवीकडचा, चौदा नंबर… खरंच एवढा भारी होता?"

"तो माझा बाप आहे."

त्याचं हसू गेलं नाही, पण बदललं. ते बदललेलं हसू मला आवडलं, आणि म्हणूनच माझे कान टवकारले गेले. मी मार्टा हुडॅक, वय वर्षं सव्वीस, विमा कंपनीत दावे तपासते. आमच्या भागात दर दुसऱ्या माणसाच्या गाडीला म्हणे हरीणच धडकलेलं असतं. समोरचा माणूस गोड हसला की पहिल्यांदा त्याच्या गाडीचा बंपर बघायचा, हे मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकले.

त्याने नाव सांगितलं, नुसतं वेस. नदीवरच्या जुन्या पुलाची तपासणी करायला ओहायोतून आला होता. फुलवालीच्या दुकानावरची खोली त्याने जूनपर्यंत भाड्याने घेतली होती.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा माझ्याच खिडकीसमोर उभा. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. शेजारची रांग रिकामी असताना!

ताट घेऊन तो थेट म्हाताऱ्यांच्या टेबलावर जायचा. तिथे वाद पेटलेला असायचाच. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक चालीचा चेंडू आधी येतो आणि तो कुणाकडे जाणार हे जो ठरवतो, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. त्यापुढे हाणामारी. लू डिमार्को न्हावी म्हणायचा की मोठेपण विजेतेपदांवर मोजायचं, सोबेकची तीन आहेत, विषय संपला. स्टॅनकाका पाल्को म्हणायचे, तीन कसली घेऊन बसलास, सत्त्याऐंशीच्या अंतिम सामन्यात धो धो पावसात, शेवटच्या चार मिनिटांत ब्याऐंशी यार्ड संघाला ओढत नेलं ते कुणी? रे हुडॅकने. स्टॅनकाका त्या संघात सेंटर होते. प्रत्येक चालीला चेंडू वाकून मागच्या क्वार्टरबॅकच्या हातात देणारा तो सेंटर, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

बाबा मात्र या जेवणाला यायचे नाहीत. त्या सामन्याचा विषय निघाला की त्यांना कुठल्यातरी दुकानातला फ्रीजर दुरुस्त करायचा असल्याचं आठवायचं. गाव म्हणायचं, केवढा हा विनय.

एकदा लूने वेसलाच विचारलं, "तू सांग रे पाहुण्या, सगळ्यात मोठा कोण?"

वेसने काटा खाली ठेवला. "हरला तर सगळा दोष ज्याच्या माथी येतो… आणि जिंकल्यावर मिरवत नाही, तो."

"मग तो क्वार्टरबॅक नाही, पाद्री झाला," लू म्हणाला, आणि टेबल हसलं.

स्टॅनकाका तेवढे हसले नाहीत.

आमचं दोघांचं जुळत गेलं ते पुलावर. दुपारच्या सुट्टीत मी कॉफी घेऊन जायचे, तो दोरावर लटकून खाली कुठेतरी हातोडीने लोखंड ठोकून ऐकत असायचा. वर आला की गंजाने माखलेल्या हातांनी कप धरायचा आणि माझी बोटं जरा जास्तच वेळ कपाखाली अडकून राहायची. मी ती सोडवून घ्यायचे नाही.

"तू दावे तपासतेस, मी पूल. दोघंही तडेच शोधतो," तो म्हणाला.

"फरक आहे. पूल खोटं बोलत नाहीत."

"माणसं सगळी बोलतात?"

"उंच असतात ती जास्त."

तो इतका मोकळा हसला की मी पाघळलेच. आणि तेवढ्यात, अगदी सहज, त्याने विचारलं की त्या संघाच्या कोचने सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या होत्या ना, त्या कुणाकडे आहेत?

माझी कॉफी गार झाली. कोच वारले तेव्हा ती पेटी बाबांकडे आली होती आणि आमच्या तळघरात होती. अशा कॅसेट आहेत हे गावाबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या शुक्रवारी मी मुद्दामच स्टॅनकाकांसमोर त्याला पूर्ण नाव विचारलं. त्याने आधी स्टॅनकाकांकडे पाहिलं. "टॉमको. वेस टॉमको."

स्टॅनकाकांच्या हातातला बटाटा भरलेला पिरोगी ताटात पडला. "गॅरीचा मुलगा?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाटलं ते वारलेल्या माणसाबद्दल बोलताहेत. आणि खरंच तसंच होतं. गॅरी टॉमको गेल्या ऑक्टोबरात वारला होता.

गॅरी टॉमको म्हणजे बाबांच्या संघातला राखीव क्वार्टरबॅक, नऊ नंबर. राखीव माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतं? मीही ठेवलं नव्हतं. मी वेसला दंडाला धरून बाहेर पार्किंगमध्ये नेलं.

"बोल."

तो बोलला. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत चिखलाने कडक झालेली एक जर्सी सापडली. चौदा नंबरची. "ते नऊ नंबर होते, मार्टा. चौदाची जर्सी आमच्या घरी कशी? ते या गावाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला फक्त जाणून घ्यायचं होतं."

"म्हणजे माझ्याशी ओळख काढलीस ती याचसाठी."

"पहिल्या शुक्रवारी, हो." त्याने टोपी काढली. "दुसऱ्या शुक्रवारी नाही."

वाक्य सुंदर होतं. सुंदर वाक्यांचे दावे मी रोज नामंजूर करते. मी आत गेले आणि त्याच्या वाटणीची कोशिंबीर रागारागाने दुसऱ्याच कुणाला तरी वाढली.

शनिवारी दुपारी बाबा कामावर गेले तशी मी तळघरात उतरले. कॅसेट लावली. पडद्यावर पाऊस, चिखल आणि हेल्मेटांच्या जाळ्यांमागे न दिसणारे चेहरे. पहिल्या हाफमधला चौदा नंबर बदकासारखा पावलं बाहेर टाकत चालत होता. माझे बाबा! अजूनही असेच चालतात. हाफटाइमच्या जरा आधी दोन धिप्पाड पोरांनी त्यांना उताणं आपटलं आणि ते उठले तेव्हा भलत्याच बाजूला चालू लागले.

हाफटाइमनंतर चौदा नंबर पुन्हा मैदानावर आला. पावलं सरळ पडत होती. दोन चालींच्या मधे तो एका पायावर उभा राहिला आणि उजव्या बुटाचं टोक त्याने डाव्या पोटरीमागे घासलं, थेट रांगेतल्या वेससारखं.

मी टीव्ही बंद केला. ते ब्याऐंशी यार्ड मी पुढे बघितलेच नाहीत. ज्या एका गोष्टीवर जन्मात कधी शंका घेतली नव्हती, तीच खोटी निघाली होती. रडू आलं, खूप आलं… आणि रडतानाही डोकं थांबेना. हे वेसला कळलं तर? बाबांचं नाव मातीत जाईल. आणि हवं ते मिळालं की तो ओहायोला निघून जाईल, मीही त्याच्या कामातलीच एक होते हे सिद्ध होईल. पहिली भीती मोठी की दुसरी, हे सांगायची मला लाज वाटत होती.

आमच्या धंद्यात संशयिताला थोडी ढील देतात आणि तो काय करतो ते बघतात. सोमवारी मी पुलावर गेले, कॅसेट त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, घे, बघ, ठरव. तो काही विचारणार इतक्यात मी वळले. मग चार दिवस मी फोन वाजायची वाट पाहिली. मैदानाच्या समितीचा, लूचा, कुणाचातरी. गुड फ्रायडेची शेवटची मतं तोंडावर आली होती. कुणाचाही फोन आला नाही.

गुड फ्रायडेला दुपारी वेस आमच्या दारात उभा. कॅसेट पुढे करून म्हणाला, "अर्धीच पाहिली."

"का?"

"बुधवारी हाफटाइमपर्यंत आलो. तुझे बाबा पडले, सावरले नाहीत, तिथेच समजलं पुढे काय असणार ते. बंद केली." तो दाराच्या चौकटीकडे बघत होता. "माझे वडील छत्तीस वर्षं गप्प राहिले, त्यांचं काहीतरी कारण असेल. दुसरा हाफ मला तुझ्या बाबांनी दाखवला तर बघेन. नाहीतर ही तुझ्याकडेच राहू दे."

तो खोटं बोलत असू शकत होता. पूर्ण कॅसेट बघून मागे फिरवून आणणं काही अवघड नसतं. मी त्याच्या चेहऱ्यात तडा शोधत राहिले. थंडीने नाक लाल झालं होतं, एवढंच सापडलं.

"मार्टा, कोण आहे?" आतून बाबा आले. वेसला पाहिलं, त्याच्या उभं राहण्याकडे पाहिलं, आणि बाबांचा हात भिंतीकडे गेला.

"गॅरीचा," ते म्हणाले. विचारलं नाही.

आम्ही तिघं तळघरातल्या जुन्या सोफ्यावर बसलो. बाबांनी स्वतः कॅसेट लावली आणि चौदा नंबर हाफटाइमनंतर मैदानावर आला तसं पडद्यावर बोट ठेवलं.

"हा बघ तुझा बाप. मी त्या बाकावर, त्याची नऊ नंबरची जर्सी घालून, डोक्यावर ब्लँकेट घेऊन. मला दोन-दोन चेंडू दिसत होते. कोच म्हणाले, वर प्रेक्षकांत कॉलेजचा माणूस चौदा नंबर बघायला आलाय, चौदा नंबर खेळलाच पाहिजे. गॅरीने माझ्याकडे बघितलं आणि जर्सी काढून दिली." ते ब्याऐंशी यार्ड सरत गेले. बाबा प्रत्येक चाल आधीच सांगत होते. "कॉलेजने मला घेतलं. याच्या हातांच्या जोरावर मला घेतलं, पोरा. एका वर्षात माझा गुडघा गेला, मी परत आलो. तोवर गॅरी गाव सोडून गेला होता. त्याला एक फोन करायला मला छत्तीस वर्षं पुरली नाहीत."

वेसने तोंड हातांनी झाकलं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सामना संपेपर्यंत काढला नाही.

पाच वाजता बाबा फायर हॉलमध्ये आले. हॉल गच्च भरला होता. ते म्हाताऱ्यांच्या टेबलाशी उभे राहिले आणि जे तळघरात सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. म्हणाले, माझा फोटो उतरवा, माझी मतं बाद करा.

कुणी खोकलं. कुणी खुर्ची सरकवून निघून गेलं. लू न्हावी, ज्याचा सोबेक आता बिनविरोध जिंकणार होता, तोही ताटातला मासा नुसता चिवडत बसला. अखेर स्टॅनकाका म्हणाले, "प्रत्येक चालीला चेंडू मीच देत होतो त्याच्या हातात. हात ओळखतो मी, रे. तू बोलशील म्हणून थांबलो होतो." आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. बाबा बसले. मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

मैदानाला सोबेकचं नाव लागलं. स्टॅनकाकांच्या हट्टापायी शाळेच्या जुन्या नोंदवहीत तो शेवटचा हाफ गॅरी टॉमकोच्या नावावर लिहिला गेला. गावात काही जण बाबांशी अजून बोलत नाहीत. बाबा म्हणतात, चालायचंच, पण आताशा रात्री त्यांना झोप लागते.

ईस्टर झाला. जेवणं संपली. वेसला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, म्हणून तो कधी जाईल याचे दिवस मी मोजत होते. दुपारी पुलावर जाणंही बंद केलं. निरोप घेणाऱ्याला आपण होऊन कशाला सोपं करा?

दुसऱ्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर तो माझ्या गाडीला टेकून उभा दिसला.

"तू वाट चुकलास," मी म्हणाले. "ओहायो पश्चिमेला आहे."

"माहीत आहे."

"कॅसेट पाहिलीस. वडिलांचं नाव लागलं. आता काय राहिलंय इथे तुझं?"

तो गाडीपासून सरळ झाला. मग म्हणाला, "तपास करणं तुझं काम आहे. काढ शोधून."

मी त्याच्याकडे पाहिलं. विचारायला माझ्याकडे चांगले दहा-बारा प्रश्न तयार होते, एकापेक्षा एक धारदार. ओठांपर्यंत आले… आणि कुणास ठाऊक का, त्यातला एकही मला विचारावासा वाटेना.

"मी नाही तपासणार," मी म्हणाले. "तू सांग."

त्याने सांगितलं. इथे त्याचं राहिलेलं म्हणजे मी, हे अगदी साधं, अडखळत, कान लाल करून सांगितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं म्हणणं एकही उलट प्रश्न न विचारता खरं मानलं.