दोन हिसके

ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

मी सांगतेय ते माझ्या सख्ख्या भावजयीच्या बाबतीत घडलंय. नेपल्समध्ये, सानिता वस्तीत, आमच्याच गल्लीत. ऑगस्टमधल्या मारिया मातेच्या सणाला. आणि रात्रीबित्री नाही बरं का...

भर दुपारी.

नुन्झिया वहिनी चौथ्या मजल्यावर राहायची, मी तिच्या खाली तिसऱ्यावर. दादा गेल्यावर तिने आईची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. येणाऱ्यांना खोलीपेक्षा बाल्कनीतल्या टोपलीचं जास्त कौतुक. आमच्याकडे जिने चढायचा सगळ्यांनाच कंटाळा. दोराला बांधलेली टोपली खाली सोडायची. दुकानदार त्यात पाव, टोमॅटो, जे काय हवं ते टाकतो आणि दोराला दोन हिसके देतो.

दोन हिसके म्हणजे भरली, ओढा.

वरची बाई खाली बघतसुद्धा नाही. गप्पा मारता मारता ओढते.

त्या सणाला ट्यूरिनहून इलारिया नावाची मुलगी उतरली होती. पंचविशीतली, एकटीच भटकणारी. वहिनीला मूलबाळ नाही. पोरगी आली आणि तिची लेकच होऊन बसली. बाल्कनीतल्या टेबलावर दोघींनी मिळून ढोबळ्या मिरच्या चिरल्या, भरल्या, तळल्या.

“खा गं! तुमच्या ट्यूरिनमध्ये काय हवा खाऊन जगता का?”

“मावशी, पोट फुटेल माझं!”

“फुटू दे. शिवून देईन.”

जेवणं झाली तशी वहिनी म्हणाली, “आता झोपायचं. दुपारी टोपलीला हात लावायचा नाही.”

“का?”

“का म्हणजे? नाही म्हटलं ना!”

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. पाहुणी घाबरून पळेल म्हणून वहिनीने कारण सांगितलंच नाही.

ते मी सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, हाच सण, हीच वेळ. साबातीनो बेकरीवाला आमच्या बाल्कनीखाली उभा राहून आईच्या टोपलीत पाव ठेवत होता. दोन माणसं आली. का आली ते आजही गल्लीत कुणी बोलत नाही. एकाने त्याचं तोंड दाबलं, दुसऱ्याने पोटात सुरा घातला. साबातीनोने टोपलीची कड घट्ट धरली आणि दोराला हिसका दिला.

एकदा... दोनदा.

तो मदत मागत होता. आई वर अर्धवट झोपेत होती. दोन हिसके म्हणजे ओढा. तिने ओढलं.

“मेल्याने कलिंगड टाकलंय की काय!” असं म्हणत तिने आणखी जोर लावला.

आणि टोपली एकदम हलकी झाली.

खाली त्यांनी सत्तूर चालवला होता. वर आलेल्या टोपलीत रक्ताने भिजलेला पाव होता आणि कडेला घट्ट धरून बसलेली चार बोटं होती.

आई त्यानंतर वर्षभर जगली. “मी बघितलं नाही गं,” एवढंच बोलायची. मी तिला लागेल असं बोलले होते. म्हटलं, “नुसती मान बाहेर काढायची होती, आई. तेवढंही जमलं नाही तुला?”

असो.

त्या दुपारी गल्ली रिकामी होती. सगळे समुद्रावर गेलेले, मीही. दुकानांची शटरं खाली. वहिनी आतल्या खोलीत पेंगत होती. इलारियाला झोप येईना. फोटो काढावा म्हणून तिने टोपली खाली सोडली.

वहिनीला झोपेत हाक ऐकू आली.

“मावशी... कुणीतरी दोर ओढतंय!”

“किती हिसके?”

“दोन.”

“मग भरली. ओढ!”

जन्मभराची सवय. तोंडातून निघून गेलं. मग डोळे खाडकन उघडले...

गल्लीत आहे कोण भरायला?

“मावशी, फार जड आहे हे...”

वहिनी अनवाणी धावली.

पोरगी कमरेपर्यंत कठड्याबाहेर गेली होती. दोराचे वेढे हाताला पडले होते, मांसात रुतले होते. कोपरावरून रक्त टपटपत होतं.

“सुटत नाहीये! मावशी, सुटत नाहीये!”

काडकन आवाज आला. मनगट मोडलं. इलारिया अशी किंचाळली की वहिनीच्या कानाला दडे बसले. दोर आणखी खाली गेला. पोरीचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

आणि कठड्याखालून वास आला...

ताज्या पावाचा.

ती बेकरी साबातीनो गेल्यापासून बंद आहे.

वहिनीने पोरीच्या कमरेला मिठी मारली. इलारिया खाली बघत होती. तिची किंकाळी मध्येच थांबली.

“तो वर बघतोय,” ती कुजबुजली. “मावशी, बघ ना. तो म्हणतोय, एकदा बघा.”

वहिनीची मान वाकत होती. अगदी थोडंसंच राहिलं होतं.

तिने डोळे गच्च मिटले. टेबलावरची मिरच्या चिरायची सुरी चाचपून घेतली आणि दोरावर घाव घालायला लागली. पहिला घाव तिच्याच तळहातावर बसला. हाड लागलं, तरी थांबली नाही. पोरगी जात होती हातची!

दोर तुटला. दोघी मागे आपटल्या.

आता टोपली खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

कठड्याच्या पलीकडून, अगदी जवळून, एक थकलेला पुरुषी आवाज आला.

“परत नाही बघितलंस.”

मग खाली काहीतरी आपटलं. जड... ओलं.

पोलीस आले तेव्हा गल्ली कोरडी होती. रक्त नाही, टोपली नाही. डॉक्टरांना इलारियाच्या मोडलेल्या मनगटावर, दोराच्या जखमांच्या शेजारी, हाताचा काळानिळा वळ दिसला. तळवा होता, अंगठा होता.

बोटं नव्हती.

पोरगी वाचली, ट्यूरिनला गेली. काय पाहिलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. वहिनी घर बंद करून सालेर्नोला बहिणीकडे गेली. जाताना मी तिलाही सुनावलं, “एवढं म्हणत होता तर बघायचं होतंस की! मी असते तर बघितलं असतं.” तिने चौथ्या मजल्याची किल्ली माझ्या हातात दिली.

ती किल्ली अजून माझ्या भिंतीवरच आहे.

यंदा गुडघे दुखत होते म्हणून सणाला मी समुद्रावर गेले नाही. जेवून खिडकीशी बसले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

माझ्या खिडकीसमोरून काहीतरी हळूहळू खाली गेलं...

टोपली. आईची जुनी टोपली. तिच्यामागून दोर सरकत होता, वरून, चौथ्या मजल्यावरून.

दोर थांबला.

एक हिसका.

मी उठले. खिडकीच्या चौकटीला हात लावला. नुसती मान बाहेर काढायची होती.

दुसरा हिसका.

मी खिडकी लावून घेतली. कडी घातली.

मीसुद्धा नाही बघितलं.