गाळलेली पायरी

बसा ना, जागा आहे. नाव पुकारायला अजून वेळ लागेल. चहा झाल्याशिवाय इथली नर्स दार उघडत नाही. घाबरू नका. लग्न झालेल्यांना इथे कोणी वाकडं बोलत नाही.

मीही अशीच आले होते, भर दुपारी, सासूबाईंना दाताच्या डॉक्टरांकडे जातो असं सांगून. लग्न नवं होतं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम नुकतंच लागलं होतं, त्यातच दिवस राहिले, आणि मूल इतक्यात नको यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. आमचं एकमत होण्याचे प्रसंग तसे मोजकेच.

आमचे हे म्हणजे सख्ख्या मावशीच्या घरी जातानाही रस्ता चुकणारे. पण त्या दिवशी कुणाला विचारलं नाही, पाटी शोधली नाही. थेट या जिन्यापाशी. मध्यावर माझा हात धरून म्हणाले, "जपून हं, ही पायरी मोडकी आहे," आणि ती गाळून वर चढले. मी खाली पाहिलं. पायरी धडधाकट होती. डागडुजीचं सिमेंटसुद्धा जुनं होऊन काळं पडलं होतं.

दिवसभर लोकांचे डोळे बघणाऱ्या बाईला एवढं पुरतं. कुणाला आणलं होतं इथे? ज्या कामाला आले त्याची धाकधूक बाजूलाच राहिली, छातीत निखारा येऊन बसला. माझ्याहून उंच असेल का ती? तिच्यासाठीही आठवणीनं पाण्याची बाटली भरून घेतली असेल?

हे औषधं आणायला खाली गेले. बाकाच्या या टोकाला, मी आत्ता बसलेय तिथे, एक मुलगी होती. फिनेलच्या वासात तिच्या अंगाचा ओल्या लोखंडासारखा वास मिसळला होता.

"तुमचं काम लगेच होईल," माझ्या अंगठीकडे बघत ती म्हणाली.

"आणि तुमचं?"

"मला नर्सबाई म्हणाल्या, नवऱ्याला घेऊन ये. नवरा कुठला... तो होता. आलोच म्हणाला आणि खाली गेला." ती हसली. "मग मी मागच्या गल्लीतल्या बाईकडे गेले. तिथे कोणी काही विचारत नाही. दिवाही लावत नाहीत..."

"मग आता इथे...?"

"वाट बघते. येताना हात धरला होता त्यानं माझा. पायरी मोडकी होती ना तेव्हा."

तिची कीव यायला हवी होती, कळतं मला. पण मनात आलं ते एवढंच, की हात आधी हिचा धरला होता.

"दागिने काढून घरच्यांकडे द्या बघू," नर्सनं दारातून सांगितलं. हे अजून आले नव्हते. शेजारून एक पांढराफटक तळहात पुढे झाला.

"द्या... सांभाळते."

नर्स घाई करत होती. मी अंगठी त्या हातावर ठेवली. तो बर्फासारखा होता.

दाराशी नर्सनं माझं मोकळं बोट पाहिलं, मग चेहरा, जणू पहिल्यांदाच बघतेय.

"नवरा कुठाय?"

"येतीलच..."

"मग त्याला घेऊन ये. तुझ्यासारख्या रोज येतात."

मी वळले. हे आले होते. बाटलीचं झाकण उघडून तिला पाणी देत होते. माझ्या बोटात कायम सैल होणारी अंगठी तिच्या बोटात कशी घट्ट बसली होती! मी हाक मारली. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नर्सनं नाव पुकारलं. माझं. ती उठली. हात धरून त्यांनी तिला आत नेलं आणि दार लागलं.

मागच्या गल्लीत अजूनही दिवा लावत नाहीत, एवढं सांगते.

तुमचे हे औषधं आणायला गेलेत ना? मघाशी जिना चढताना पाहिलं तुम्हाला. हात किती जपून धरला होता... आणि एक पायरी गाळली.

नर्सचा चहा झाला वाटतं. अंगठी छान आहे हो. थोडी सैल होते का?

द्या... सांभाळते.