वेनच्या लॉगिनवरून

खोटं वाटेल. वाटू दे! मुलुंडला, आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर उभा राहून हे मोबाईलवर लिहितोय. एक शब्द पदरचा नाही.

गेल्या रविवारी, भरदुपारी. माझा मावसभाऊ केयूर तिसऱ्या मजल्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. इमारतींचे आराखडे करतो तो. प्रोग्राम चालतो अंधेरीच्या ऑफिसातल्या मशीनवर, घरी नुसती त्याची विंडो दिसते. माऊस इथे हलवायचा, काम तिकडे.

त्याने एक विंडो उघडली होती.

दिसत होत्या... दोन.

दुसरीवर वेनचं नाव होतं.

वेन म्हणजे ऑफिसात केयूरच्या शेजारच्या टेबलावरचा, मनोरी गावचा पोरगा. पावसाआधी साइटवर स्लॅब कोसळला, त्याखाली गेला बिचारा. वर चूकही त्याच्याच माथी मारली, कारण त्या स्लॅबखालचा कॉलम आराखड्यात बारीक झाला होता वेनच्या लॉगिनवरून. त्या ऑफिसात सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. घाईत कोणीही कोणाच्याही नावाने काम उरकायचं. त्या दिवशी ते केयूरने उरकलं होतं, आणि नंतर मूग गिळून बसला.

त्याने ऑफिसात सुयोगला फोन लावला.

"वेनच्या मशीनवर कोण बसलंय रे?"

"डोकं फिरलंय का तुझं? ते मशीन चौकशीला नेलं ना कधीच. टेबल रिकामं आहे यार."

विंडोत रेघा उमटायला लागल्या... आपोआप.

गेट. जिना. पार्किंग.

आमचीच बिल्डिंग!

माऊसचा बाण पार्किंगमधल्या कॉलमवर थांबला. कॉलम बारीक होऊ लागला.

केयूरने लॅपटॉप धाडकन मिटला. मग लक्षात आलं. इथला स्क्रीन मिटून तिकडचं काम थोडंच थांबतं?

खालून आवाज आला... कर्रर्र.

पार्किंगमध्ये त्याची आई, क्षमामावशी, भाजीवाल्याशी घासाघीस करत होती.

"आई, बाहेर पळ!"

"बोंबलतोस काय? कोथिंबीर घेतेय ना!"

त्याने लॅपटॉप उघडला. "वेन, मी केलं ते! तुझ्या आईला सांगतो, सगळ्यांना सांगतो. माझ्या आईला सोड रे!"

बाण थांबला.

मावशी वर आली तेव्हा तिच्या केसांत सिमेंटची भुकटी होती.

संध्याकाळी केयूर माझ्यापाशी ढसाढसा रडला. पण सांगितलं का कोणाला? नाव नको! "जेल होईल रे," म्हणतो. तिकडे वेनची आई, डोरोथीआंटी, पोराच्या चुकीसाठी लोकांची माफी मागत फिरतायत. संताप होतो नुसता!

आज सकाळी मी माझा कॉम्प्युटर लावला. काहीच उघडलं नव्हतं.

विंडो आली... वेनच्या नावाची. कॉलम निम्मा झाला होता.

मी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. मावशीलाही. केयूर तेवढा वर राहिलाय. बंबवाले येतायत.

"कडी लावलेली नाही," गॅलरीतून ओरडतोय तो, "तरी दार उघडत नाहीये!"

"अरे, मग ऑफिसला फोन कर! खरं सांगून टाक!" मी घसा फोडून ओरडतोय.

फोन त्याच्या हातात आहे. मला दिसतोय इथून.

अजून लावत नाहीये...