काळा चष्मा

विमान पहाटे उतरलं आणि लॉजवरच्या खोलीत धाकटी जी आडवी झाली, ती दुपारी दीडपर्यंत. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. चाळिशी उलटली तरी नाव काही बदललं नाही. उठली तेव्हा डोकं जड होतं आणि पाय कोसभर चालून आल्यासारखे दुखत होते. तेवढ्यात गावाहून भावाचा फोन आला.

"आता पुन्हा लवंडू नकोस हं, नाहीतर रात्रभर घुबडासारखी जागी राहशील. शहर बघ जरा. बाबांना हॉस्पिटलमधून पाचला सोडणार आहेत, त्यांचा काळा चष्मा तेवढा घे."

वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यासाठीच तर ती परदेशातून धावत आली होती.

ती बाहेर पडली. रस्ता माणसांनी नुसता फुलला होता. हॉर्न, हातगाड्या, तापलेल्या डांबराचा वास. सगळं दिसत होतं, पण काचेपलीकडून दिसावं तसं. मनगटावरचं घड्याळ अजून साडेचार तास मागेच होतं. तिकडे लेक शाळेतून कधी येते ते कळावं, म्हणून तिने मुद्दाम ते बदललं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात ती शिरली तेव्हा तीन वाजले होते.

"काय ताई, बसला का नीट?" दुकानदार हसून म्हणाला.

"काय?"

"काळा चष्मा. सकाळी साडेदहाला नेलात की! वडिलांच्या कानामागे रुततं म्हणून दांडी सैल करून घेतलीत."

बाबांच्या कानामागे रुततं हे खरं होतं. पण ते या माणसाला कोण सांगणार? दुसरीच कुणी असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि काही न घेताच ती बाहेर आली.

गल्लीबोळांतून भटकता भटकता चार वाजले. कोपऱ्यावर एक बाई टॉवेल विकत बसली होती. धाकटीला पाहताच ती हातातलं काम टाकून पुढे झाली.

"बरं वाटतंय ना आता?" तिने हळूच विचारलं. "सकाळी साडेअकराला टॉवेल घेतलात, तेव्हा हात लागला तुमचा. गार पडला होता हो... अगदी..."

धाकटीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. मघाशी दुकानात तीन वाजले होते, तेव्हा याच घड्याळात साडेदहा झाले होते.

पाचला ती बाबांना आणायला जाणार होती. म्हणजे साडेबारा वाजता... ती धावत सुटली. गर्दी काही वाट देईना. हॉस्पिटलचा जिना चढली तेव्हा पाच वाजत आले होते.

"आजोबांना तर तुम्ही दुपारी साडेबारालाच नेलंत," नर्स म्हणाली. "फार घाई केलीत, म्हणून डॉक्टरांनी सोडलं. काही विसरलं का?"

नर्सने वही पुढे केली. सही तिचीच होती, शेवटच्या अक्षराला ओढलेल्या शेपटीसकट. पत्ता लॉजचा. वेळ साडेबारा. त्या वेळी ती खोलीत गाढ झोपली होती.

"ते... काही म्हणाले का?"

"मुलीचा हात इतका गार का, म्हणून विचारत होते. तुम्ही म्हणालात, विमानातली थंडी अजून गेली नाही." नर्सचा आवाज एकदम कडक झाला. "आणि डोळ्यांवरची पट्टी उद्या आम्हीच सोडणार. तोवर कुणी हात लावायचा नाही. उजेड लागला तर डोळे जातील, सांगून ठेवते."

बाबांचा फोन बंद होता. जिना उतरता उतरता तिने घड्याळाचे काटे साडेचार तास पुढे केले. त्या दुसरीला आता पुढे राहू द्यायचं नव्हतं. घड्याळ शहराशी जुळलं तेव्हा तिला जरा हायसं वाटलं.

लॉजच्या मॅनेजरने मान वर केली आणि तो बघतच राहिला.

"किल्ली द्या माझी," ती धापा टाकत म्हणाली.

"तुम्ही... आत्ता तर गेलात वर. आजोबांचा हात धरून... जिना चढलात..."

वरचा बोळ रिकामा होता. तिच्या खोलीबाहेर बाबांच्या वहाणा नीट जोडून ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी तिचेच बूट होते. तिने खाली पाहिलं. तिचे बूट तिच्या पायात होते.

दाराला आतून कडी होती. तिने दार ठोठावलं.

"बाबा... मी आलेय. धाकटी."

आतून कापड हळूहळू उलगडल्याचा तेवढा आवाज येत होता. मग बाबा बोलले, अगदी दबक्या आवाजात.

"धाकटे, तू बाहेर आहेस?... मग माझी पट्टी कोण सोडतंय?"