परत परत येणारी गाडी

गाडी फाटकातून आत यायच्या आधी तिचा वास आत आला. जळका, कडवट, नाकाला झोंबणारा. मी हातातला पाना टाकून धावले.

"थांबवा! तिथंच थांबवा!"

काच खाली आली. आतून एक गोल चष्मा आणि त्यामागचे दोन भांबावलेले डोळे माझ्याकडे बघू लागले.

"आग लागलीय का?"

"अजून नाही. पण तुमचे प्रयत्न चालू दिसतात... हॅन्डब्रेक लावून गाडी चालवता का?"

"छे! मी तर फार हळू चालवतो."

"हळू चालवता, की हळूच चालते?"

तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरला, तो त्यानं एका बोटानं वर ढकलला — आणि मला उगाचच वाटलं, यानं पुन्हा हसावं. कामाच्या वेळी असले विचार बरे नव्हेत. मी मागच्या चाकाजवळ हात नेला. तवा तापावा तसं तापलं होतं.

चौकापलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचे, हे त्याचं काम. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं — चष्मेवाला.

गाडी जॅकवर चढवली. हॅन्डब्रेकची केबल आतून गंजली होती. दांडा खाली केला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता, चाकाला घासत राहायचा. मी केबल बदलली, ब्रेक साफ केले आणि अधांतरी चाक हातानं गरकन फिरवलं.

"ऐका आता."

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. कान चाकाजवळ, डोळे माझ्याकडे.

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर ऐकायचं असतं."

चाक थांबलं तरी आम्ही दोघं ऐकतच होतो. शेवटी बाबा खोकले, तेव्हा मी उठले.

इथं बाबांचा नियम सांगायला हवा, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकला होता. गॅरेज बाबांचं. त्यांचं म्हणणं असं की इंजिन बिघडलं तर माणूस रस्त्यात उभा राहतो, पण ब्रेक बिघडला तर उभाच राहत नाही. म्हणून ब्रेकचं काम पुन्हा पुन्हा परत आलं, की करणाऱ्याचा हात त्या कामावरून काढायचा. माझ्या सख्ख्या दादाला त्यांनी असंच रंगकामावर धाडलं होतं. त्याची ब्रेकची कामं आता कुठं माझ्या हातात आली होती, आणि ती मला टिकवायची होती.

पुढच्या मंगळवारी तोच वास फाटकातून आत आला.

"मी काहीही केलं नाही," चष्मेवाल्यानं उतरल्या उतरल्या दोन्ही हात वर केले.

"चोर असंच म्हणतात."

"मग झडती घ्या..."

मी घेतली. गाडीची. सगळं उघडलं, चाक फिरवलं. मोकळं! केबल नवी, ब्रेक जागच्या जागी. तरी तारेचा ताण थोडा सैल केला. तो शेजारी उभा राहून मला हत्यारं देत होता आणि दर वेळी चुकीचं देत होता.

"हा अकराचा पाना. मी तेराचा मागितला."

"लांबचं दिसत नाही मला."

"हातात आहे तुमच्या!"

"तुमच्याकडे बघत होतो... तुम्ही लांब होता."

माझे कान चाकापेक्षा जास्त तापले.

त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा वास! या वेळी बाबा हात पुसत माझ्या मागे येऊन उभे राहिले. चष्मेवाल्यासमोरच म्हणाले, "पोरी, ही गाडी आणखी एकदा या फाटकातून परत आली, तर तू उद्यापासून पंक्चर काढ."

माझी फार पंचाईत झाली. तो यावा असं वाटे आणि त्याची गाडी येऊ नये असंही वाटे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी रडकुंडीला आले होते, आणि ते त्याला दिसलं. या वेळी तो अजिबात हसला नाही.

"माझ्यामुळे झालं हे," तो हळूच म्हणाला.

"तुमच्यामुळे कसं? आणि मला एक सांगा — मंगळवारीच कसं होतं?"

"मंगळवारी मी आत्याला व्यायामाच्या दवाखान्यात सोडतो आणि मग इकडे येतो. गुडघे दुखतात तिचे. एरवी मी एकटाच असतो, तेव्हा गाडी ठीक चालते..."

आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं.

"पुढच्या वेळी मी येते बरोबर," मी म्हटलं.

आत्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या. मांडीवर भली मोठी पिशवी, तोंडाचा पट्टा सुरू. मी मागे.

"अगं, तूच का ती? घरी नुसतं तुझंच चाललेलं असतं. ती असं म्हणाली, ती तसं म्हणाली..."

"आत्या!" चष्मेवाल्याची मान लाल झालेली मला मागून स्वच्छ दिसली.

"गप. रस्त्याकडे बघ. उतार आलाय."

उतार आला आणि पिशवीखालून बारीक आवाज आला. कट्... कट्. मी पुढे वाकले. आत्यांची मूठ हॅन्डब्रेकच्या दांड्यावर घट्ट आवळलेली होती, आणि दांडा वर आला होता.

"आत्या... तुम्ही काय धरलंय?"

"हे? हे आधाराला असतं ना! उतारावर भीती वाटते गं मला. जरा वर उचललं की गाडीसुद्धा कशी शहाण्यासारखी हळू होते! उतरताना देते परत खाली सोडून."

चष्मेवाल्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतोय. मग माझंही हसू फुटलं. आत्या कधी त्याच्याकडे बघत, कधी माझ्याकडे.

"ब्रेक असतो होय हा? मग तसं लिहायचं नाही का त्यावर?"

"पण ओढल्यावर समोर लाल दिवा लागतो!" मी म्हटलं.

"कुठला लाल दिवा?" तो म्हणाला.

दिवा गेलेला होता. मी अख्खा ब्रेक उघडून पाहिला होता, पण नाकासमोरचा दिवा पाहिला नव्हता. आणि हा दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासत होता!

बाबांना सगळं सांगितलं. ते पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "काम चोख. पाहणी अर्धी." मी मान खाली घातली. "ब्रेक तुझ्याकडेच राहू दे. पण यापुढे दिवा आधी बघायचा."

मी जिंकले होते. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी गाडी आली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. गाडी दुरुस्त झाली म्हणजे माणूस येणार नाही, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. मला त्याची आठवण येत होती, अगदी सरळ सरळ. प्रत्येक हॉर्नला मान वर जायची.

"फाटकाला तेल घाल," बाबा म्हणाले. "फार बघतेयस त्याच्याकडे."

आणि ऊन कलताना तो आला. चालत.

"गाडी?" मी विचारलं.

"बाहेर उभी केलीय. फाटकातून आत आणली असती तर परत आली असं झालं असतं ना... तुझं काम गेलं असतं."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला.

"मग बिघडलंय काय?"

"काहीच नाही. पण आत्या आता मागे बसते. म्हणते, पुढे बसणारीला ब्रेक कळायला हवा..." त्यानं चष्मा वर ढकलला. "पुढची सीट रिकामी आहे. बसशील?"

"मंगळवारपुरती?"

"मला तू फार आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "मंगळवार वगैरे काही नाही. कायमची बस."

मी हात पुसले. नीट पुसले, नखांपर्यंत. मग फाटकाबाहेर जाऊन पुढच्या सीटवर बसले. समोर मी बसवलेला दिवा लाल लागला होता. त्यानं किल्ली फिरवली आणि दांडा खाली करायला हात नेला. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे ना वर. थोडा वेळ."

"तापेल..."

"उभी गाडी नाही तापत," मी म्हटलं, आणि हात तसाच ठेवला.