कापडाखालचा हात

पेटीचं झाकण उघडलं आणि त्या काळ्या रेशमी झग्यावरचे मणी, कोणी हात लावायच्या आधीच, सळसळले! ऑर्तान्ससमोर तिची सख्खी धाकटी बहीण लिओनी, चाळीस वर्षांनी या घरात आलेली, अनोळखी चेहऱ्यानं उभी होती.

"माझ्या लेकीला, निकोलला, हाच हवाय," लिओनी म्हणाली. "पॅरिसमध्ये पुन्हा हेच चाललंय म्हणे. आमच्या वेळचे झगे, आमच्या वेळचे दिवे. पोरीनं हट्टच धरला. उसवलंय तेवढं तुम्ही नीट करा. यावेळी मात्र मी समोर बसून करवून घेणार."

तुम्ही! जिला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या तोंडून तुम्ही... ऑर्तान्सनं झगा चौकटीवर ताणला. पंख्यासारखे पसरलेले सोनेरी किरण, पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोण, सगळं तसंच होतं. मेलेली फॅशन परत येते तेव्हा तिच्यासोबत आणखी काय काय परत येत असेल, असं तिच्या मनात आलं.

त्यांच्या गावी, लुनेव्हिलमध्ये, मणीकाम उलट्या बाजूनं करतात. मणी कापडाखाली, डोळ्यांआड. खालचा हात एकेक मणी पुढे सरकवतो, वरचा हात आकडीनं दोऱ्याची साखळी ओढतो. शेवटच्या टाक्याला गाठ मारायची राहिली, की अख्खी ओळ सुटत जाते. लिओनीच्या साखरपुड्याच्या नाचात, ऑर्तान्सनं मणी भरलेल्या याच झग्याचं तेच झालं. पहिल्याच गिरकीला मणी जमिनीवर ओघळले, मुलाची आई रुमालाआड हसली, आणि महिनाभरात लग्न मोडलं. तो मुलगा आधी ऑर्तान्सच्या मागे होता, हे गावाला ठाऊक होतं. जळफळाटानं केलं, असं लिओनी म्हणाली. आईही तेच म्हणाली आणि मरेपर्यंत थोरलीशी धड बोलली नाही... आणि ऑर्तान्सनं ते सारं निमूट सोसलं!

उद्या मृतांचा सण. खिडकीत आईच्या थडग्यासाठी आणलेली शेवंतीची कुंडी होती आणि उजेड उतरत चालला होता. ऑर्तान्सचा खालचा हात मणी शोधू लागला, तोच त्याला गार बोटं लागली. ती दचकली नाही. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. कापडाखाली कुणीतरी हवा तो मणी अचूक पुढे करायचं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ही ओळ अशी का?" लिओनी एकदम वाकली. दोरा मध्येच तुटल्यामुळे सुटायची वाचलेली अर्धी ओळ होती ती. "बाकीचे टाके इकडे कललेत, हिचेच तिकडे."

"दिवा लावते," ऑर्तान्स पुटपुटली.

"थांब. आपल्याकडे आकडी डाव्या हातात कोण धरायचं?"

ऑर्तान्स हळूच म्हणाली, "आईला दिसेनासं झालं होतं. गाठ मारलीय असंच तिला वाटलं. तिच्या मणीकामाच्या कारखान्यात कळतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती."

"निदान तिला तरी सांगायचंस."

"हातांवरच तर जगत होती गं ती. ते कसं काढून घेऊ?"

लिओनी उठली आणि ऑर्तान्सच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. चाळीस वर्षं तुला जिवंतपणी पुरलं मी, एवढंच तिला बोलता आलं. मग डोळे पुसून ती चौकटीशी बसली. "खालचा हात मी धरते. तू फक्त शेवट कर."

तिनं हात कापडाखाली घातला... आणि थिजली.

"ऑर्तान्स, तुझे दोन्ही हात वर आहेत."

"हो."

"मग हा..."

"गार आहे ना? भिऊ नकोस. मणी देतेय, घे."

लिओनीनं हात मागे घेतला नाही. एकेक मणी येत गेला, साखळी पुढे सरकत गेली. शेवटचा टाका आला. ऑर्तान्सनं दोनदा आकडी फिरवून घट्ट गाठ मारली.

"गेली," लिओनी कुजबुजली.

ऑर्तान्सनं घाईघाईनं कापडाखाली हात घातला, चाचपडला. तिथे फक्त बहिणीची ऊबदार बोटं होती. साखरपुड्याच्या रात्री, आईच्या प्रेतापाशी, कधीच न रडलेली ऑर्तान्स ती बोटं घट्ट धरून ओक्साबोक्शी रडली.